पुसलेला मजकूर

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन टेबलांचं एक ऑफिस होतं. खाली ड्रिल सुरू झालं की वर पेल्यातलं पाणी थरथरायचं. काम साधं होतं. जगात असंख्य सॉफ्टवेअर अशी आहेत, की कोणीही ती फुकट वापरावीत, उघडून पाहावीत, दुरुस्त करावीत म्हणून कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. वापरणारे लाखो, लिहिणारा एखादाच, आणि तोही आपली नोकरी सांभाळून. या ऑफिसच्या वेबसाइटवर वापरणाऱ्याने बटण दाबलं की पैसे थेट त्या लिहिणाऱ्याच्या हाती पडायचे. मध्ये दलाल नाही.

ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला मित्र थट्टेने 'दानशूर' म्हणत. पैसे लोकांचे, नाव याचं. तोही हसायचा. पण कोणी मनापासून कौतुक करू लागलं की त्याचे कान तापायचे आणि काहीतरी निमित्त काढून तो उठायचा. कागदपत्रं बघणाऱ्या वकीलबाईंना तो विनय वाटे.

एके दिवशी त्यांनी एक यादी त्याच्यापुढे ठेवली.

"या 'वाचक'वाल्याचं काय करायचं? अकराशे लोकांनी पैसे दिलेत, ते त्याच्या सहीवाचून पडून आहेत. आपण चार मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. पत्ता आहे. एकदा जाऊन सही घेऊन या."

"बघतो," तो म्हणाला.

"दोन महिने तुम्ही बघताय."

'वाचक' त्याला चांगलाच माहीत होता. ज्यांना दिसत नाही त्यांना तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. एका माणसाने एकट्याने तो लिहिला होता आणि त्याला स्वतःचाच आवाज दिला होता. जरा कोरडा, सावकाश आवाज, 'पण' म्हणण्याआधी किंचित थांबणारा. दानशूरच्या आईची नजर काचबिंदूने गेली तेव्हापासून तीही रोज दुपारी त्याच आवाजात वर्तमानपत्र ऐकायची. "भला माणूस असणार," असं ती म्हणायची, "घाई करत नाही."

जायला पाय उचलत नव्हता त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी दानशूर एका मोठ्या कंपनीत साहेब होता. कंपनी आपल्या यंत्रांत 'वाचक' घालून विकायची. तेव्हा त्या माणसाचा तीन ओळींचा मेल आला होता. घशाचं दुखणं निघालंय, उपचार महाग आहेत, कंपनीला जमल्यास थोडी मदत व्हावी. दानशूरने उत्तर लिहिलं, 'एकदा फुकट वाटलेल्या वस्तूचे पैसे मागू नयेत. हात पसरण्यापूर्वी थोडा विचार करावा.' पाठवण्याआधी त्याने ते ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मग दोन्ही मेल त्याने पुसून टाकले. वेबसाइटचं खरं मूळ ते होतं, आणि ते त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

वकीलबाईंनी यादी दिली त्याच आठवड्यात 'वाचक'ची नवी दुरुस्ती आली. अशा दुरुस्तीसोबत कर्ता एक ओळ लिहितो. ही त्याच माणसाच्या नावाने होती. 'वाचायचा राहिलेला मजकूर आता वाचला जाईल.'

दोन दिवसांनी तो दुपारी घरी जेवायला गेला. आई खुर्चीत बसून होती. 'वाचक'चं यंत्र बंद होतं.

"तुझं एक पत्र वाचलं त्याने आज," ती म्हणाली.

"कुठलं पत्र?"

"हात पसरण्यापूर्वी विचार करावा, असं होतं त्यात. बातम्यांच्या मधेच आलं. मग हसण्याचे आवाज आले. पुष्कळ माणसं होती."

तो यंत्राकडे वळला.

"शेवटी तू हसलास," आई म्हणाली. "तुझं हसू मला कळत नाही का?"

त्याने ते यंत्र तासभर धुंडाळलं. मेल नव्हता. ज्या खात्यातून तो गेला होता ते खातंही कंपनीबरोबरच बंद झालं होतं. आणि 'वाचक'ला हसता येतच नाही, त्याच्याकडे शब्द असतात तेवढेच.

"कोणाला लिहिलं होतंस रे?"

"कोणालाच नाही, आई. काहीतरी बिघडलंय त्यात."

"असेल," ती म्हणाली, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या पत्त्यावर गेला. तिसरा मजला, जिना अरुंद, दारात कुंड्या. साठीच्या बाईंनी दार उघडलं. त्याने ऑफिसचं नाव सांगताच त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. गॅलरीत एक माणूस उन्हात बसला होता. गळ्याला रुमाल. मांडीवर लहान मुलांची असते तशी पाटी.

"आवाज गेला यांचा ऑपरेशनात," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली. मला ऐकावासा वाटला की शेजारच्या मुलीच्या फोनवर लावून घेते."

"पण तीन दिवसांपूर्वी यांनी दुरुस्ती केली ना 'वाचक'मध्ये?"

"हे?" बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हात कापतात त्यांचे. सहा वर्षांत यांनी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. विकला आम्ही तो."

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर ढकललं. त्याला एकदम वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"काकू, तुम्ही त्या कंपनीकडे मदत मागितली होती. तिथे साहेब मी होतो. ते उत्तर माझं."

"कुठलं उत्तर?" बाई म्हणाल्या. "उत्तर आलंच नाही कधी. हेच म्हणायचे, एवढी मोठी कंपनी, राहिलं असेल वाचायचं. आम्ही कधी वाईट मानलं नाही हो."

गॅलरीतला माणूस पाटीवर लिहू लागला. खडूचा आवाज फार वेळ येत राहिला. मग त्याने पाटी फिरवली, दानशूरकडे नाही, बायकोकडे.

'आलं होतं. मागितल्याची लाज वाटली. तुला सांगितलं नाही.'

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि पाटी पुसली, इतकी सावकाश, की दानशूरला तिथे उभं राहवेना. नऊ वर्षं त्या माणसाने जे झाकून ठेवलं होतं, ते याने आपलं मन हलकं करायला दोन वाक्यांत उघडं केलं होतं.

"काय लिहिलं होतं त्यात?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने दानशूरकडे पाहून मान हलवली, नको म्हणून.

सही त्या माणसाने केली. वेडीवाकडी, अर्धी कागदाबाहेर. कागद परत देताना तो दानशूरकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

तिथून तो सरळ घरी गेला. ठरवलं होतं, आईला सगळं सांगायचं. लपवाछपवी पुरे.

दार लोटलेलं होतं. आतून तो कोरडा, सावकाश आवाज येत होता.

तो उंबऱ्यात थांबला.

"...तिथे साहेब मी होतो. ते उत्तर..." आवाज किंचित थांबला. "माझं."

आईने कळ दाबली. आवाज थांबला.

"आलास?" ती म्हणाली. "ये. बस इथे."

"आई, मला तुला काही सांगायचंय."

"ते झालं वाचून. बिचाऱ्या बाई." तिने चाचपडत त्याचा हात धरला. तिचा हात गार होता. "मला आधी वाटलं, एवढंच असेल."

"म्हणजे?"

"सुरुवातीलाच सांगतो ना तो, तुझी एकूण किती पानं आहेत ते."

तिने दुसऱ्या हाताने कळ दाबली.

"पान चौथं," आवाज म्हणाला. "एकूण पानं चारशे बारा."