बाटलीतला नंबर

शिवतेज, परवा तू विचारलंस, काका, त्या पूल क्लबात जाऊ का? त्याचं उत्तर राहिलं होतं. आज तुझे मित्रही आहेत, तर बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो हरेश याच ओट्यावर बसून मला सांगत होता, आणि सदतीस वर्षं शाळेत मी मुलांचं खरंखोटं ऐकलंय.

काम अगदी साधं होतं. १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. माझ्या प्रीतमला जाऊन अठरा दिवस झाले होते. त्याचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, क्लबातच राहिला होता. सूनबाईला, सुचिताला, तो घरात हवा होता. दुसऱ्या दिवशी मतदान. मालक दुपारीच क्लब बंद करून गावी गेला आणि चावी हरेशकडे ठेवून गेला. मी हरेशला म्हटलं, तळोज्याच्या कंपनीतून सुटलास की घेऊन ये. लहानपणापासून तो आमच्या चुलीपाशी जेवलेला. दुसऱ्या कोणाला सांगणार?

आता तो खेळ समजून घ्या. चामड्याची एक बाटली असते. आत पंधरा लाकडी गोळ्या, प्रत्येकीवर आकडा. खेळणाऱ्यानं एक काढायची, बघायची, खिशात टाकायची. टेबलावरचा त्या आकड्याचा बॉल तुमचा. तुम्ही तो पाडलात तर सगळ्यांनी लावलेले पैसे तुमचे. दुसऱ्यानं पाडला तर तुम्ही बाद. गोळी दाखवायची आणि निघायचं. म्हणून आपला नंबर कोणी कोणाला सांगत नाही.

प्रीतम आणि हरेश मात्र सांगायचे. एका होडीवर वाढलेली पोरं. गोळी काढली की प्रीतम त्याच्या कानाशी वाकायचा, "तुजा कनचा?" मग एकमेकांच्या बॉलला दोघं हात लावायचे नाहीत. लबाडीच ती. वेळेवर कळलं असतं तर मी दोघांचे कान धरले असते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री चौघं खेळले. होडीच्या नव्या इंजिनासाठी जमवलेलं सगळं प्रीतमनं लावलं. समोर धर्मराज, जागांची दलाली करणारा. प्रीतमचा नंबर होता तीन. थोड्या वेळानं हरेशनं क्यूवर हात टेकला, तीन बोटं उघडी ठेवून. धर्मराजनं तीन नंबर पाडला.

प्रीतमनं ती बोटं पाहिली होती.

गोळी काढून ठेवली, चप्पल घातली, गेला. अमावास्येचं उधाण होतं. सकाळी जेट्टीखाली सापडला. पाय घसरला, असं पंचनाम्यात आहे. मीही तेच धरून चालतो.

यातलं एक अक्षर तेव्हा मला माहीत नव्हतं. खांदा द्यायला हरेश पुढे होता.

तर त्या मंगळवारी रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यानं शटर अर्धं वर केलं. जिना चढला. टेबलावरचा एकच दिवा लावला. बॉल लाकडी त्रिकोणात लावलेले होते. क्यू भिंतीला होता. तो घेऊन वळला आणि पाठीमागे आवाज आला.

खुळ्... खुळ्... खुळ्.

बाटली हलवल्याचा.

उंदीर असेल, म्हणून त्यानं वळून पाहिलं. बाटली टेबलावर उभी. शेजारी एक गोळी. पालथी, आकडा खाली.

उचलायला नको होती. पण या खेळात आलेली गोळी नाकारत नाहीत. हात आपोआप गेला. चार नंबर. त्यानं मुठीत दाबली.

खोलीत कोणी नव्हतं.

मग कानाशी श्वास लागला. गार. खाडीचा वास.

"तुजा कनचा?"

हरेश माझ्यासमोर बसून रडत होता तो इथे. म्हणाला, "मास्तर, मना वाटला, खरा सांगला तं मी मेलो." मी विचारलं, मग काय सांगितलंस?

त्यानं डोळे पुसले.

मग म्हणाला, "सात."

मेलेल्या मित्राशीही तो खोटंच बोलला.

दिवा हलला नाही. वारा नव्हता. त्रिकोणातून एकच बॉल सुटला. सावकाश निघाला. सात नव्हता... कडेला लागला. वळला. भोकाशी थांबला.

पडला.

चार.

क्यू तिथेच टाकून हरेश पळाला. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यानं माझं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. बोटांचंसुद्धा. धर्मराजनं अर्धे देतो म्हटलं होतं, तेही. मी त्याला पाणी दिलं. शिवी आली नाही तोंडात. इतकंच म्हटलं, हरेश, सुचिताला हे तू सांगायचं, मी नाही. तो हो म्हणाला आणि उठला. सुचिताला त्यानं सांगितलं नाही. पहाटेच खोली सोडून गेला.

सकाळी मत देऊन मी क्यू आणायला गेलो. शटर तसंच अर्धं वर. क्यू जमिनीवर पडलेला. तो उचलायला वाकलो आणि दारामागचा फळा दिसला. डाव सुरू करताना त्यावर खेळणाऱ्यांची नावं खडूनं लिहितात, बाद होईल त्याच्या नावावर काट मारतात.

दोनच नावं होती. अक्षर मी ओळखलं, माझ्या मुलाचं. 'ह'चं शेपूट खाली ओढायची त्याची सवय मला पट्टी मारूनही मोडता आली नव्हती.

खाली हरेश. त्यावर आडवी काट.

वर प्रीतम.

त्यावर काट नव्हती.