उलटा पीळ

अख्ख्या युद्धात मी एकही गोळी झाडली नाही. टेलिफोनची तार टाकत गेलो, तुटली की जोडत गेलो. पदकं दुसऱ्यांच्या छातीवर लागली, आमच्या वाट्याला हाताचे घट्टे आले.

माझा मेहुणा माझ्याच तुकडीत होता. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. "त्याला सोबत घेऊन या," एवढंच बायकोने निघताना सांगितलं होतं. काम त्याला मीच शिकवलं. पण तार जोडताना पीळ तो उलटा द्यायचा. त्याचा जोड डोळे मिटूनही बोटांना कळायचा.

माघारीचा हुकूम आला त्या दुपारी साहेबांनी मला पुढच्या चौकीची तार गुंडाळायला लावली. "चौकी रिकामी झालीय. आटप लवकर." तार ओढण्याआधी तिला फोन जोडायचा, पलीकडे कोणी नाही ना ते विचारायचं, असा आमचा नियम. साहेब डोक्यावर बसले होते. मी नियमाला फाटा दिला.

दुसरं रीळ भरत आलं तेव्हा एक्सचेंजवरचा टेलिफोनवाला धावत आला. "अरे, डावऱ्या सकाळपासून याच तारेवर दुरुस्तीला गेलाय! माघारीचं त्याला कुठं माहितीय?"

समोर माळावर धूर इतका दाटला होता की वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. अशा धुरात आम्ही तार हातात धरूनच परत येतो. त्याची वाटच मी गुंडाळत बसलो होतो.

"साहेब, तार परत टाकू द्या."

"एका माणसासाठी? गुंडाळ, नाहीतर कापून टाक."

मी गुंडाळत राहिलो. वाटलं, तारेला धरून तोही येईल.

आदल्या दिवशी टाकताना तीनच रिळं लागली होती. तिसरं भरलं तरी तार येतच होती. मी चौथं लावलं. आता दर दोन हातांवर जोड येऊ लागला. सगळे उलट्या पिळाचे. एका माणसाकडून दहा दिवसांतही इतके जोड झाले नसते. वरची चिकटपट्टी अजून कोमट होती.

मी तारेला फोन जोडला.

"भाऊजी, ओढू नका ना," डावऱ्या धापा टाकत होता. "जोडतोय मी. फार ठिकाणी तुटलीय."

"सोड ते! मागे फिर!"

"येतो. तार तेवढी धरून ठेवा."

चौथं रीळही भरलं.

साहेबांनी जोड पाहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ट्रक सुरू झाला होता.

"काप."

मी कापली. हुकूम त्यांचा, पण हात माझा.

घरी 'बेपत्ता' असं पत्र गेलं. बायको अजून विचारते, शेवटचं काही बोलला का? मी नाही म्हणतो. मला माझीच शिसारी येते, तरी नाहीच म्हणतो.

त्या दुपारी कापलेलं टोक गवतात पडून राहिलं नाही. ते धुराच्या दिशेने सरकू लागलं. थांबायचं, पुन्हा सरकायचं. पलीकडून कोणीतरी हात-हात करत ते आपल्याकडे ओढून घेत होतं.

तोफगोळ्याने तुटलेल्या तारेचं टोक विस्कटलेलं असतं. पकडीने कापलेलं सरळ असतं. नुसतं बोट फिरवलं की कळतं. हेही त्याला मीच शिकवलं होतं.