राहिलेली ओळ

त्या दिवशी मी फक्त तोंड कसं उघडायचं, एवढंच शिकायला गेले होते.

हसू नकोस. तेच माझं काम होतं. बस अशी जवळ, दिवा राहू दे तसाच. सांगते.

चित्रपट होता दूरच्या ताऱ्यांवरच्या लोकांचा. त्यात एक गायिका होती, विझून गेलेल्या एका ग्रहावरची शेवटची बाई. ती परक्या लोकांनी भरलेल्या ऑपेरागृहात उभी राहून आपल्या माणसांचं गाणं गाते आणि गाणं संपताच मरते. पडद्यावर ती बाई मी व्हायची होते. मी उंच होते, नाचातून आलेली होते, त्यामुळे अंगावर रबराचं कातडं चढवून तासन्‌तास ताठ उभी राहू शकत होते. गाण्याचं म्हणशील, तर शाळेत समूहगानाच्या वेळी बाई मला बजावायच्या, “सोलेन, तू नुसते ओठ हलव हं.” पुढे त्याच कामावर माझं पोट चालेल, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!

आवाज मादाम ऑर्तांस व्हालेरींचा असणार होता. मोंत्रयच्या एका चढावरच्या गल्लीत त्या राहायच्या. येताना पाव आणायला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून काखेत गरम, लांबडा बगेत पाव धरून मी दार वाजवलं. दार उघडलं त्यांच्या नवऱ्यानं, मस्यू अंसेल्मनी. बारीक चणीचा, खांद्यात वाकलेला माणूस. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाला, “तुम्हीच का त्या आकाशातल्या बाई? पाय पुसून या. इथं नुकतीच फरशी पुसली आहे.”

मादाम स्वयंपाकघरात लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीच्या, कांड्या चिरत उभ्या होत्या. रुंद बांधा, कमरेला ॲप्रन, पांढरे केस कसेतरी गुंडाळलेले. त्यांनी विळीसारखी धारदार नजर माझ्याकडे वळवली.

“उघड तोंड.”

मी उघडलं.

“हं. पाण्याबाहेर काढलेला मासा असाच करतो. अगं पोरी, गाणं तोंडातून येत नाही. तोंड म्हणजे नुसतं दार. घरात कुणी नसेल तर दार उघडून काय उपयोग?”

असं म्हणून त्यांनी ओला हात पुसला आणि तळवा माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या खाली टेकवला. “इथून. इथं श्वास घे. माझा हात मागं ढकल.”

तो हिवाळाभर मी तिथं जात राहिले. मादाम गायच्या आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून, आवाज न करता, त्यांच्याबरोबर श्वास घ्यायची. गाण्याची भाषा आमच्या लेखकानं मनानं रचलेली होती. मादाम वैतागायच्या, “ही भाषा कुठल्या बाजारात मिळते? जीभ दुखायला लागली माझी!” आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून अंसेल्म अगदी हलक्या आवाजात पुढचा शब्द सांगायचे. कागद न बघता. तोच त्यांचा जन्माचा धंदा होता. ऑपेरात रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक पेटीसारखी खोबण असते, त्यात खाली बसून गायकांना शब्द सुचवणारा माणूस. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही.

“तिथंच जमलं आमचं,” एकदा सूप वाढताना मादाम म्हणाल्या. “बाविशीत होते. माझी पहिली मोठी भूमिका. मधेच शब्द विसरले. सगळं ऑपेरागृह गप्प. आणि पायाखालून एक आवाज आला, इतका गोड, की मी शब्द सोडून त्या आवाजाकडेच ऐकत राहिले.”

“विसरली बिसरली काही नव्हती,” अंसेल्म म्हणाले. “लग्नानंतर कबूल केलं तिनं. मुद्दाम थांबली होती.”

“मग काय करणार? तीन आठवडे झाले तरी हा माणूस खोबणीतून वर तोंड काढून बघेना!”

दोघं हसायला लागले. हसता हसता मादामना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. अंसेल्मनी उठून खिडकी लावली, पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पण त्या दिवशी त्यांनी सूप संपवलं नाही.

गाण्याच्या शेवटी एक ओळ होती. ती खालच्या सुरातून उठून वर, आणखी वर, अशा ठिकाणी जायची की ऐकणाऱ्याचीच छाती दाटून यावी. आमच्या दिग्दर्शकाचं, रेमीचं म्हणणं असं, की हे माणसाच्या गळ्याचं कामच नाही. मादामनी एकेक सूर सुटा गावा, मग यंत्रात ते कापून जोडता येतील. मादामनी त्याला फटकारलं. “शिडीच्या पायऱ्या तोडून एकावर एक रचल्या तर तिला शिडी म्हणतात का रे? मी गाईन ती ओळ. सगळ्यात शेवटी ठेव. थोडी बरी होऊ दे मला.”

बाकीचं सगळं गाणं त्यांनी स्टुडिओत गायलं. ती ओळ तेवढी राहिली. बर्फ वितळायच्या दिवसांत मादाम गेल्या.

अंत्यविधीनंतर अंसेल्मनी घराच्या खिडक्या मिटून घेतल्या. मी जायची, बेल वाजवायची. कधी दार उघडायचं, कधी नाही. उघडलं तरी बायकोचं नाव ते काढत नसत. शेगडीवर काही शिजत नसे.

रेमीनं शेवटी यंत्राकडूनच ती ओळ बनवून घेतली. मादामच्या जुन्या सुरांचे तुकडे ओढून, ताणून. मी ऐकली आणि मला रडू आलं. चहाची किटली शिट्टी मारते ना, तशी वाटत होती ती ओळ.

“हे त्यांना आवडलं नसतं, रेमी.”

“मलाही आवडलेलं नाही, सोलेन. पण गेलेल्या माणसाला मी कुठून आणू?”

चित्रीकरण नैऋत्येकडच्या एका गावातल्या जुन्या ऑपेरागृहात ठरलं. गावाचं नाव मी अंसेल्मना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ दाराची कडी धरून उभे राहिले. मग म्हणाले, “कोट इस्त्रीला द्यावा लागेल.”

मादामनी बाविशीत जिथं गायलं होतं, ते हेच. रेमीला याची कल्पनाही नव्हती. त्यानं नुसत्या लाल मखमलीच्या खुर्च्या बघून जागा निवडली होती.

बाहेर लख्ख दुपार होती, आणि आत अंधार. मखमलीच्या जुन्या धुळीचा वास, तापलेल्या दिव्यांचा वास, माझ्या अंगावरच्या रबराचा आणि गोंदाचा वास. ते कातडं पाठीवर दोऱ्यांनी इतकं आवळलं होतं की श्वास गळ्यातच अडकायचा. कानांवरूनही रबर. डोळ्यांवर दुधी काचा, त्यामुळे समोरचा प्रेक्षक म्हणजे नुसता काळोखाचा ढीग. चेहऱ्यात माझे म्हणून काय ते ओठ उरले होते.

अंसेल्मना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. काम सुरू होताना रेमीनं बघितलं तर खुर्ची रिकामी. “म्हातारबुवा कुठं गेले?” कुणी म्हणालं, बाहेर गेले असतील, सोसवलं नसेल. मला हायसंच वाटलं. ती किटली त्यांना ऐकावी लागणार नव्हती.

टेप सुरू झाली. मादामचा आवाज त्या घुमटाखाली भरला. मी त्यांच्याबरोबर श्वास घेतला, त्यांच्याबरोबर सोडला. इतके महिने केलं होतं ते, त्यामुळे त्या नाहीत हेच मी विसरले. गाणं चढत गेलं, उतरलं, शेवटच्या ओळीच्या उंबरठ्याशी आलं…

आणि आवाज बंद झाला.

विंगेत आमची ध्वनिमुद्रक बर्नादेत यंत्रापाशी होती. दुधी काचांतून तिचा उंचावलेला हात तेवढा मला अंधुक दिसला. टेप तुटली होती. मी ओठ मिटले. खरं सांगते, घट्ट मिटले. आता रेमी ‘थांबा’ म्हणेल म्हणून वाट पाहत राहिले. तो म्हणाला नाही. कानांवरच्या रबरामुळे मला माझ्याच रक्ताची धडधड ऐकू येत होती. दुसरं काही नाही.

मग पायाखालून कुणीतरी कुजबुजलं.

“नाएल ओरू…”

शेवटच्या ओळीचे शब्द. त्या कुठल्याच बाजारात न मिळणाऱ्या भाषेतले.

“नाएल ओरू… ऑर्तांस…” खालचा आवाज थरथरत होता. “गा ना आता… नाएल ओरू…”

माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या खाली, एक तळवा टेकला. कातड्याच्या बाहेरून नाही, आतून. सुईही शिरली नसती अशा जागी. तळवा जरासा ओला होता. मी घाबरले का? घाबरले. पण त्या हाताला मी ओळखत होते ना! आवळलेलं कातडं अंगावर सैल पडल्यासारखं झालं आणि माझी छाती भरत गेली, भरत गेली, माझ्या शरीरात मावेल त्याहून जास्त हवा आत येत राहिली.

आणि ती ओळ आली.

कुठून आली, विचारू नकोस. माझे ओठ मिटलेले होते. घुमटातून आली, खुर्च्यांतून आली, माझ्या बरगड्यांतून आली. किटली नाही, गं… बाई होती ती. खालून उठली, घाई न करता, आपलंच घर असल्यासारखी एकेक पायरी चढत गेली. सगळ्यात वर पोचल्यावर तो सूर कापरा होईल असं वाटलं. झाला नाही. तो तिथं स्थिर उभा राहिला. काळोखाच्या ढिगात कुणीतरी हुंदका दिला. मग कधीतरी तो सूर संपला.

टाळ्या खूप उशिरा आल्या.

“टेप तर तुटलेली आहे…” बर्नादेत तुटकी दोन टोकं हातात धरून मला दाखवत होती. “सोलेन… तू…?”

“मला गाता येत नाही, बर्नादेत.”

रेमी कॅमेऱ्यामागून आला. “ध्वनिमुद्रण झालं?” त्यानं विचारलं. बर्नादेतनं नुसती मान हलवली. रंगमंचावरच्या माइकनं सगळं उचललं होतं.

सूचकाच्या खोबणीतून अंसेल्मना दोघांनी हात देऊन बाहेर काढलं. इस्त्रीच्या कोटावर कोळ्याची जाळी, गुडघ्यांवर धूळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्हातारा हसत होता.

“शब्द पाठ होते हो तिला,” मला म्हणाले. “मुद्दाम थांबली होती.”

मग त्यांनी विचारलं, इथं जवळपास सूप कुठं मिळेल. बायको गेल्यापासून त्यांनी स्वतःहून खायला मागितलं, ते त्या दिवशी. आम्ही चौघं स्टेशनजवळच्या खानावळीत बसलो. ते दोन वाट्या सूप प्यायले, पावानं वाटी पुसून पुसून खाल्लं आणि सबंध वेळ ऑर्तांस, ऑर्तांस करत तिच्या गोष्टी सांगत राहिले. रेमी त्यांच्याकडे बघत होता. त्यानं घास घेतला नाही.

चित्रपट लागला. त्या ओळीची जगभर वाहवा झाली. पेपरांनी लिहिलं, यंत्राची काय कमाल! रेमीनं कुणालाच दुरुस्त केलं नाही. आणि पडद्यावर बघ, त्या ओळीच्या वेळी माझे ओठ उघडे आहेत. शब्दाला शब्द जुळतो. मी त्यावर कधी कुणाशी बोलले नाही.

अंसेल्म मोंत्रयच्या छोट्या थिएटरात दुपारच्या खेळाला जायचे. चित्रपट उतरला, पुन्हा कधी लागला, की पुन्हा जायचे. परतताना माझ्याकडे डोकवायचे. एकदा टोपी काढत म्हणाले, “आज जरा जास्त थांबली.”

“कोण?”

“शेवटच्या सुरावर. दर वेळी थोडी जास्त थांबते. तुझ्या लक्षात नाही आलं?”

“मस्यू अंसेल्म, चित्रपट आहे तो. एकदा झाला की झाला. तो कसा बदलेल?”

ते हसले, खांदे उडवले आणि कॉफी मागितली. पुढं काही वर्षांनी ते गेले. शेजारणीला खुर्चीत सापडले, दुपारचं ऊन अंगावर, खिडक्या उघड्या. चेहरा असा, की शेजारीण आधी दोनदा हाक मारून बघत होती.

या शरदात त्याच थिएटरनं जुने चित्रपट पुन्हा दाखवले. दुपारचा खेळ, आठ-दहा माणसं. मी शेवटच्या रांगेत बसले. ती ओळ आली, सूर वर पोचला, थांबला. पडद्यावर गायिका कोसळली. धावपळ सुरू झाली, माणसं बोलायला लागली, अवकाशयानं उडाली. सूर होताच. अगदी बारीक, त्या सगळ्या गोंगाटाच्या वर. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाला काही जाणवल्याचं दिसलं नाही. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक कोट घालून निघून गेले.

मी उठले नाही. झाडणारी बाई रांगांमधून झाडत झाडत माझ्यापर्यंत आली आणि झाडू हातात धरून उभी राहिली. छताकडे बघत म्हणाली, “मादाम… वरच्यांनी मशीन बंद केलं ना?”

तेवढ्यात यंत्र चालवणारा माणूस किल्ल्या वाजवत जिना उतरून खाली आला. दारापाशी पोचला, आणि त्याचाही हात किल्ल्यांवर थांबला.

आम्ही तिघंही जिथल्या तिथं राहिलो. कुणीच आधी बाहेर जाईना.

आणि त्या सुरावर ती अजून श्वास घ्यायला थांबली नव्हती.