ओला ठिपका

रंगाच्या दुकानात मामांचं काम एकच: गिऱ्हाईक आणेल त्या नमुन्याशी रंग जुळवून द्यायचा. कुणी भिंतीचा पोपडा आणी, कुणी पडद्याचा तुकडा. एकाने तर मोटारीचं दारच काढून आणलं होतं. मामा रंग कालवत, नमुन्यावरच त्याचा ठिपका लावत आणि वाट बघत. ठिपका दिसेनासा झाला, की रंग जुळला. दिसला, तर मामा नमुन्याकडे असं बघत, की चूक त्याचीच असावी.

हल्ली ठिपके जरा दिसू लागले होते. डोळे थकले, आता दुकान पुरे, असं बहिणीने टुमणं लावलं होतं. कॉलेजात विज्ञान शिकवणारा भाचा आईच्या बाजूने. दोघं मिळून रोज जेवताना मामांना निवृत्त करत आणि मामा सकाळी डबा घेऊन कामावर जात.

ग्रहणाच्या संध्याकाळी चंद्र उगवला तोच तांबडा. तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी उभे होते. भाच्याने समजावलं: चंद्र पृथ्वीच्या सावलीत आहे, पण पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळून थोडा उजेड तिथवर पोचतो. वाटेत हवा निळा उधळून टाकते, तांबडा तेवढा पुढे जातो. या घटकेला जगात जिथे जिथे सूर्य उगवतोय नि मावळतोय, त्या सगळ्यांचा मिळून हा रंग. हवेत धूळ असली की आणखी काळपट.

"म्हणजे हा चंद्राचा रंगच नाही, मामा. हा काही तुम्हाला जुळायचा नाही."

"दिसतोय ना? मग जुळतो," मामा म्हणाले. "नाही जुळला, तर उद्यापासून घरी बसतो."

बहीण म्हणाली, "दादा, वरचं वर राहू दे." पण दिवा तिनेच आणून दिला. पैज तिच्या सोयीची होती.

मामांनी विटकरी घेतला, शेंदरी घेतला, काजळीचं बोट लावलं. एक डोळा मिटून काडीच्या टोकाने काचेवर, बरोबर चंद्रावर ठिपका ठेवला. भडक झाला. दुसरा पिवळट. हवेत धूळ आहे, असं पुटपुटत त्यांनी काजळी वाढवली आणि तिसरा ठेवला.

तो दिसेना.

भाच्याने हात टेकले. चंद्र हळूहळू वर सरकला. पहिले दोन ठिपके काचेवर जागच्या जागी राहिले. तिसऱ्याची जागा रिकामी होती. बहिणीने तिथे बोट फिरवलं. काच कोरडी, स्वच्छ.

ग्रहण सुटलं. चंद्र पांढरा झाला, पण त्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा डाग राहिला. भाच्याने दोनदा डोळे चोळले.

"तुझेही थकले का रे?" मामांनी विचारलं.

सकाळी त्याच काचेवर, बाहेरून, एक ठिपका होता. गव्हाळ रंगाचा, ओला. बाहेर ना गॅलरी, ना उभं राहायला जागा. मामा जवळ गेले, तेव्हा काचेतल्या त्यांच्या पुसट चेहऱ्यावर तो बरोबर डाव्या गालावर आला.

धंद्यातली गोष्ट, मामांना सांगावी लागली नाही.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, काही बोलू नकोस."

पण उभ्या आयुष्यात मामांनी कुणाचा चुकीचा रंग खपवून घेतला नव्हता. ते काचेला नाक लावून मोठ्याने म्हणाले, "नाही जुळला. लाल कमी पडलाय. आणि माणसाच्या गालात थोडी राख असते, ती विसरलात. बघा जमतं का. मी कुठे जात नाही."

आणि शीळ घालत कामावर गेले.

संध्याकाळी परतल्यावर ते तडक खिडकीशी गेले. सकाळचा ठिपका वाळला होता; अजून पिवळटच. नवा कुठेच नव्हता.

"दमले बिचारे," मामा म्हणाले.

मग त्यांना उजवा गाल गार लागला.

त्यांनी बोट लावलं. ओलं.

बहीण दिवा घेऊन धावत आली. तिने तो गालापाशी धरला, या बाजूने, त्या बाजूने, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"काहीच तर दिसत नाही, दादा."