अमावास्येचं चंद्रग्रहण

"सर, थांबा ना! टॅब माझ्याकडे होता, पण तो मेसेज मी नाही पाठवला!"

यज्ञेश्वर सरांनी रचनाचं ऐकलंच नाही. शाळेचा टॅब तिच्या हातातून ओढून घेतला, बंद केला, कपाटात टाकला आणि चावी फिरवली. सर संगणक शिकवायचे. म्हणजे 'मी माझा पासवर्ड कोणालाही सांगणार नाही' हे वाक्य पोरांकडून दहादा लिहून घ्यायचे. शाळेचा पासवर्ड मात्र संगणक खोलीच्या दारावर चिकटवलेला! दिवाळीच्या सुट्टीत टॅब शिकायला मागणारी अख्ख्या सातवीत एकटी रचना, म्हणून तो तिला मिळाला होता.

"दुपारी सभा आहे. अनंतादादा काय ते ठरवतील," सर म्हणाले.

अनंतादादा शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी काय ठरवलंय, ते सभेआधीच गावभर झालं होतं. रचनाने संगणक खोलीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही!

बाहेर वडाखाली तिच्याच वर्गातले सई आणि हर्षद उभे होते. समोर किनाऱ्यावर सगळ्या होड्या ओढून ठेवलेल्या आणि समुद्र कसा, तर झोपलेल्या बाळासारखा! पहाटे गावाच्या ग्रुपवर शाळेच्या खात्यावरून मेसेज आला होता, 'आज उधाणाची भरती. मोठं वादळ. होड्या काढू नका.' एकही होडी गेली नाही. वादळ काही आलं नाही. शेजारच्या गावांना मात्र बक्कळ मासळी लागली.

"बाबा म्हणतो, माफी माग नि मोकळी हो," रचना म्हणाली. "आपलं कोण ऐकतंय?"

"न केलेल्याची माफी?" सई भडकली. आईचा मोबाइल काढून तिने मेसेज पुन्हा मोठ्याने वाचला.

"थांब! उधाण?" हर्षद ओरडला. तो कोळीवाड्यातला. "आज अष्टमी हाय गं! अष्टमीला भांगाची भरती, पाणी जेमतेम चढतं न् जेमतेम उतरतं! उधाण येतं पुनवेला नायतर अवसेला. मेसेज जुना हाय!"

"मग तुझ्या बाबाला कळलं कसं नाही?" सईने विचारलं.

"तिथीवरून भरती सांगतो तो! पण मोबाइलवर शाळेचं नाव दिसलं नि अक्कल गहाण पडली!"

रचना विचारात पडली. "हे खातं टॅबवर आहे, तसंच सरांच्या मोबाइलवरही जोडलेलं आहे. आलेलं सगळं सर न वाचताच पुढे ढकलतात, मी पाहिलंय. पण सांगून कोण मानणार?"

"मग दाखवू या!" सई म्हणाली. "टॅब कपाटात असताना शाळेच्या खात्यावरून मेसेज गेला तर?"

"खोटा मेसेज मी पाठवणार नाही," रचना ठामपणे म्हणाली. "पाठवायचाच तर त्यातच खरं लिहायचं. शेवटच्या ओळीत."

तिघांनी डोकी एकत्र केली.

सभेत गाव जमलं. अनंतादादा उभे राहिले. "त्या वस्तीतल्या पोरीच्या हातात टॅब दिलाच कशाला, सर?"

रचनाचा बाप रत्नपाल मागे उभा होता. त्याने मान खाली घातली. असल्या वेळी गाव नेहमीच मुकं असतं!

सईने आईच्या मोबाइलवर हळूच बटण दाबलं. मेसेज शाळेच्या खात्यावर गेला. सरांचा मोबाइल वाजला. सरांनी खिशातून काढला, अंगठा फिरवला, परत ठेवला. आणि टिंग! टिंग! टिंग! सगळ्यांचे मोबाइल वाजले.

"शाळेचा मेसेज!" हर्षदचा बाबा दचकून वाचू लागला. "येत्या अमावास्येला चंद्रग्रहण... आँ? अवसेला चंद्रच कुठं असतो?"

"खाली वाचा, काका!" रचना म्हणाली.

"'...हा मेसेज खोटा आहे. शेवटपर्यंत वाचला असेल, तर पुढे पाठवू नका.'"

"टॅब कपाटात आहे," सई म्हणाली. "मग पाठवला कुणी?"

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सर पुटपुटले, "रोज पन्नास येतात हो, पन्नास पुढे जातात. सकाळचाही... माझ्याकडूनच गेला असेल."

म्हणजे सरांना शंका होती! तरी गप्प बसले होते!

मग हशा, मग टाळ्या. "शाब्बास गं पोरी!" अनंतादादांनी रचनाची पाठ थोपटली. माफी मात्र कुणीच मागितली नाही. रत्नपाल वाट बघत होता.

"पण असा घोळ पुन्हा नको," अनंतादादा म्हणाले. "आजपासून संगणक खोली सगळ्यांनाच बंद!"

"दादा, पण मग आम्ही शिकायचं कुठे?" रचना म्हणाली.

"सुट्टी आहे ना? खेळा की!"

नवं कुलूप आलं. सरांनी तिघांना त्या दारासमोरच उभं करून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे जबाबदार डिजिटल नागरिक'. रचनाने सईकडच्या मोबाइलवर तो पाहिला. तिच्या डोक्यामागे कुलूप स्पष्ट दिसत होतं.

टिंग! टिंग! गावाने तो फोटो धडाधड पुढे पाठवायला सुरुवात केली होती.