बायजाबाईंची गंजी

वर्तकनगरची खाजगी गुप्तहेर मेघना गायकवाड हरवलेली माणसं शोधायची. कुजलेल्या पेंढ्याचा तपास तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

टिटवाळ्यापलीकडच्या खळ्यावर म्हशींच्या चाऱ्याची गंजी उभी होती. मालकीण बायजाबाई कडाडल्या, "चालीस वरसां गंजी रचतंय मी. माजी गंजी कुजत नाय! कोनी कुजवली ता सांग."

पुतण्या मयूरला जागा बिल्डरला द्यायची होती. त्याच्या कटकटीला वैतागून बायजाबाईंनी गावासमोर पैज लावली होती, ज्या साली गंजी कुजेल त्या साली सही करीन. आता मयूर कागद घेऊन हजर होता.

मेघनाने गंजीत हात घातला. माथा कोरडा, तळही कोरडा. मधले वीसेक भारे तेवढे काळे पडले होते.

"पावसाने माथा भिजतो, जमिनीच्या ओलीने तळ. मधे पाणी कुणीतरी ओतलंय."

"मयूरच!" तिचा मदतनीस सुश्रुत पुटपुटला. त्याला पहिला दिसेल तो चोर वाटे.

कुजलेले भारे रीतीप्रमाणे, बुडखे म्हणजे कापलेली टोकं बाहेर करून बसवले होते. त्यांच्या पेंढ्याच्या बंधांना मधोमध जोडगाठ होती. बाकीच्या बंधांना ती नव्हती.

"मयूर, एक भारा बांधा बघू."

मयूरने बांधलेला भारा उचलताच सुटला. "शेतात मी कधी गेलेलोच नाही, मॅडम. पण बिल्डरला काकीची आणि रघुकाकाची जागा एकत्रच पाहिजे."

शेजारचा रघु बांधावरूनच बोलला, "मना कशाला ओढताव? म्हशी कवाच इकल्या. माजा भात संकरित, ठेंगना. पेंढा गुडघ्याएवढा, कोन इचारतो त्याला?"

"न् माजा जुना भात, कमरेएवढा!" बायजाबाई म्हणाल्या.

मेघनाने सगळ्यांना गंजीपाशी बोलावलं.

"पाणी ओतायला मधले भारे बाहेर ओढले, तेव्हा त्यांचे जुने बंध तुटले, म्हणून परत रचताना नवे बांधले. मयूरने केलं असतं तर सुतळी गुंडाळली असती, नाहीतर भारे तसेच कोंबले असते. हे काम मुरलेल्या शेतकऱ्याचं आहे. तो घरूनच बंध वळून, कमरेला खोचून निघतो. पण बायजाबाईंच्या लांब पेंढ्याच्या बंधाला जोड लागतच नाही. जोड लागते आखूड पेंढ्याला. रघुकाका, हे बंध तुमच्या घरचे आहेत. बायजाबाईंच्या सहीशिवाय तुमचीही जागा बिल्डर घेत नव्हता."

सुश्रुत म्हणाला, "भारे सुटेच ठेवले असते तर रघुकाका सापडले नसते!"

रघुची मान खाली गेली. "सुटा भारा ठेववला नाय, पोरा. हात वलला नाय."

बायजाबाईंनी मयूरच्या हातातला कागद ओढून टराटरा फाडला. डोळे भरले होते, पण आवाज कापला नाही.

"रघु, वर चढ. कुजलेला काढ न् गंजी परत रच. न् बंध माज्या पेंढ्याचं घे. जोड दिलेला माज्या गंजीला चालत नाय!"

रघुने त्यांच्या पेंढ्याचे बंध वळले, कमरेला खोचले आणि तो वर चढला.