प्लॅस्टिकमधली मशिनं

“लोखंड कातायच्या मशीनवर, लेथवर, एक तुकडा धरून दाखव म्हणाले. तेवढंही जमलं नाही मला!” दादाने बूट कोपऱ्यात भिरकावले. “सगळे हसले!”

मुलाखतीहून आलेला दादा इतका चिडलेला त्याच्या धाकट्या बहिणीने, मिरचीने, कधीच पाहिला नव्हता. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तो, वर्गात पहिला यायचा!

“कॉलेजात शिकवलं असेल ना?” सुट्टीत राहायला आलेल्या आतेभावाने, चष्मिशने विचारलं.

“हो, फळ्यावर! वर्कशॉप कायम बंद. मशिनं बिघडलीत म्हणे!”

दुसऱ्या दिवशी दादाच्या कॉलेजच्या मैदानात मिरचीच्या धाकट्या भावाने, भोपळ्याने, असा टोला हाणला की चेंडू थेट वर्कशॉपच्या खिडकीतून आत! तिघांनी गजांना नाकं लावली.

“ताई, ही तर कोरी करकरीत आहेत!” भोपळा ओरडला.

आत ओळीने लेथ उभे होते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. विजेच्या केबलीसुद्धा वेटोळं करून मागे बांधलेल्या.

“कधी जोडलीच नाहीत, मग बिघडली कशी?” चष्मिश म्हणाला.

मिरचीचं डोकं सणकलं. तेवढ्यात दार करकरलं. तिघं पटकन खाली वाकली. आत वर्कशॉपचे प्रमुख शिपायाला सांगत होते, “उद्या नोकरीसाठी मुलं निवडायला कारखान्याच्या मॅनेजरबाई येतील. प्लॅस्टिक काढ, मशिनं पुसून ठेव. मुलांना शेजारी उभं करून फोटो काढू. पण बटणाला कुणी बोट लावायचं नाही!”

“खोटारडे!” मिरची दातओठ खात म्हणाली. “उद्या बघतेच!”

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप लखलखत होतं. कोऱ्या ॲप्रनमध्ये दादा आणि त्याचे मित्र पुतळ्यांसारखे उभे होते. प्राचार्य हसून माहिती देत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला, “सर, आमचा चेंडू आत आलाय!”

“घ्या आणि पळा!” प्रमुख खेकसले.

मिरची सरळ मॅनेजरबाईंपुढे जाऊन उभी राहिली. “मावशी, यांना एकदा मशीन चालवून दाखवायला सांगा ना!”

“खरंच की! दाखवा बरं,” बाई म्हणाल्या.

“आज... आज वीज नाही,” प्रमुख चाचरले.

खट्! भोपळ्याने भिंतीवरचं बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा गरगर फिरू लागला. चष्मिशने लेथमागची गुंडाळलेली केबल ओढून सगळ्यांसमोर धरली.

“हे काय आहे?” प्राचार्यांचा चेहरा लाल झाला.

“मुलं मशिनं बिघडवतील, म्हणून जपून...” प्रमुख पुटपुटले.

“जपून?” दादा गरजला. “आमची चार वर्षं बिघडली, त्याचं काय? आमच्यासमोर मशिनं होती आणि आम्ही वहीत त्यांची चित्रं काढत बसलो!”

“इथे बिघडवली तर दुरुस्त करायला शिकतील,” बाई कडाडल्या. “चित्रं काढणाऱ्यांना मी नोकरी कशी देऊ?”

प्राचार्यांनी मान खाली घातली. मग मुलांकडे वळून म्हणाले, “शाबास रे! जे मी बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलंत.”

“शाबासकी नंतर द्या सर,” मिरची म्हणाली. “आधी वायरमन बोलवा! तोवर आम्ही इथून हलणार नाही.”

आणि तिघं खरोखरच फतकल मारून दारात बसली.

वायरमन आला. दुपारी पहिला लेथ घरघरला. बाई शेजारी उभं राहून सांगत होत्या, तरी दादाने घाईत जोर जास्त लावला आणि कट्! कातायचं पहिलंच पातं तुटलं.

“बघा, मी म्हणत नव्हतो?” प्रमुख उसळले.

“दुसरं पातं लावा!” प्राचार्य त्यांच्यावर ओरडले. “आणि उद्यापासून रोज सकाळी इथे तुम्हीच उभं राहायचं. शिकवायला!”

दुसऱ्या पात्याने लोखंडाची चकाकती साल सरसर निघाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी मिरचीच्या पाठीवर थाप मारली.

दादा मात्र हसला नाही. त्याने घाम पुसला, मशीन थांबवलं आणि मित्रांकडे वळून म्हणाला, “बघत काय उभे राहिलात? या पुढे! पुढचा तुकडा कोण धरतंय?”